मातीत बसण्यापुरती जागा

"बसवून?" काका म्हणाले. "म्हणजे कसं, मांडी घालून?"

मी मान हलवली.

सोफ्यावर बसलेला नागपूरकडचा इंजिनिअर म्हणाला, "मग काका, पाठ टेकायला खुर्ची पण द्यावी लागेल यार."

सगळे हसले. मोठ्याने नाही. मयताच्या घरी हसावं तेवढंच. पण ते मयताचं घर नव्हतं. मयत गॅरेजमधलं होतं. ही माणसं काकांच्या दिवाणखान्यात बसली होती आणि मी हातात रिकाम्या कपबश्यांचा ट्रे घेऊन उभी होते.

माझा नवरा आदल्या दिवशी गेला होता. तो कामाला होता त्या किराणा दुकानाच्या किचनमध्ये समोसे तळताना छातीला हात लावून खाली बसला, तो उठलाच नाही.

इथल्या मराठी मंडळाची माणसं भेटायला आली, ती काकांना भेटायला. "तुमच्याकडचा तो गेला म्हणे," असं म्हणत आत आली. एका बाईने मला दारातच सांगितलं, "माझा बिनसाखरेचा हं." मी बिनसाखरेचा वेगळा केला. पोहे केले. खोबरं घालायचं राहिलं तेव्हा काकू आत येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष कुठंय.

काका-काकू म्हणजे आमचे मालक. रक्ताच्या नात्याचे नाहीत. इथं मोठ्या माणसाला काका म्हणतात, म्हणून काका. कॅलिफोर्नियात सनीव्हेलची नोकरी संपवून त्यांनी आत, बदामाच्या बागांच्या या गावात मोठं घर घेतलं. माझ्या नवऱ्याला एका हॉटेलवाल्याने स्वयंपाकी म्हणून अमेरिकेत आणलं होतं. मागून मी आले. ते हॉटेल बंद पडलं आणि आम्ही रस्त्यावर आलो. तेव्हा काका म्हणाले, "गॅरेज रिकामं आहे. भाडं नको. तू घरातलं बघ."

मी घरातलं बघितलं. स्वयंपाक, धुणं, भांडी. काकांची आई अंथरुणाला खिळली होती. ती जाईपर्यंत तिचं सगळं मी केलं. नवरा गावातल्या देशी किराण्याच्या दुकानात तळणावर उभा राहायचा. आमची ताटं-वाट्या गॅरेजमध्ये वेगळ्या असायच्या. काकूंनी पहिल्याच दिवशी नवीन आणून दिल्या होत्या. मला तेव्हा ते प्रेम वाटलं.

घराच्या मागच्या रस्त्याने गेलं की दफनभूमी लागते. ती चर्चची नाही, कुठल्या कंपनीचीही नाही. आजूबाजूच्या गावांची आहे. तिची एक हद्द ठरलेली आहे, तिला डिस्ट्रिक्ट म्हणतात. त्या हद्दीतल्या घरांच्या टॅक्समधून तिथलं गवत कापलं जातं, झाडांना पाणी मिळतं. कारभार पाच जणांचं बोर्ड बघतं. ते पाच जण काउंटीचं सरकार नेमतं. त्या पाचांत काका एक. त्यांना नेमलं त्या दिवशी मी श्रीखंड केलं होतं. जेवताना काका पाहुण्यांना म्हणाले, "इथल्या मातीत कोण जाणार ते आता आपण ठरवणार." मी वाढत होते.

आम्ही नाथपंथी. दारोदार भिक्षा मागत फिरलेली माणसं. आमच्यात जाळत नाहीत. गेलेल्या माणसाला मांडी घालून खड्ड्यात बसवतात. भोवतीने मीठ घालतात. मग डोक्यावरून माती. आमचा माणूस मातीत आडवा पडत नाही. बसून राहतो.

नवरा म्हणायचा, "आयुष्य उभ्याने गेलं. मेल्यावर तरी मला बसू दे."

तो असं का म्हणायचा ते मला माहीत होतं. माझे सासरे फिरतीवर असताना वारले. पाल एका गावाच्या कडेला होतं. गावाचे चार जण आले आणि म्हणाले, "तुम्ही इथले नाही. तुमच्या गावाला न्या." आमचं गाव कुठलं? ज्याला गावच नाही त्याने मढं कुठं न्यायचं? पुढच्या गावात नेलं. तिथंही तोच प्रश्न. तुम्ही कुठले? शेवटी कालव्याच्या काठाला खड्डा काढला. माझा नवरा तेव्हा लहान होता. बापाला बसवताना मीठसुद्धा उधार आणलं होतं, असं सांगायचा. पुढं तो कालवा रुंद केला. सासरे कुठं गेले माहीत नाही.

इथं आल्यावर सुट्टीच्या दिवशी आम्ही दफनभूमीच्या बाजूने चालायला जायचो. फाटक उघडं असायचं. नवरा आत जाऊन बाकावर बसायचा. मी बाहेरच थांबायचे, भीती वाटायची. तो हात करून बोलवायचा. "ये गं. इथं कुणी कुठले म्हणून विचारत नाही."

त्याला वाटायचं तसं.

चहाच्या कपबश्या उचलून झाल्यावर मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही बोर्डात आहात. एवढं करा." आयुष्यात त्यांच्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट. मला बोलताना घाम फुटतो. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पण मी मागितलं.

काकू म्हणाल्या, "अगं, इथले लोक काय म्हणतील? ह्यांच्यात पुरतात? आणि तेही बसवून? आपल्यात नसतं असलं काही."

आपल्यात.

काकांची सनीव्हेलची मुलगी फोनच्या स्पीकरवर होती. तीही म्हणाली, "जस्ट क्रिमेट ना बाबा. इट्स सिंपलर."

दुसऱ्या दिवशी काका मला गाडीत घालून दफनभूमीच्या फाटकाबाहेरच्या ऑफिसात घेऊन गेले. मागच्या सीटवर. मला वाटलं, मन पाघळलं यांचं. ऑफिसात चष्मेवाली एक बाई होती. तिने माझा हात धरला. मग माझ्याकडे बघत काकांना काहीतरी विचारलं. काका बोलले. मला त्यातला एकच शब्द कळला. व्हिजिटर. तो शब्द मी विमानतळावर शिकले होते. बाईने पुन्हा माझ्याकडे बघून काही विचारलं. काका हसले, हात हलवला. बाई मला म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी."

गाडीत बसल्यावर काका म्हणाले, "जागा फक्त इथल्या रहिवाशांना. तुम्ही बसत नाही त्यात."

मी म्हटलं, "आम्ही तर इथंच राहतो. गॅरेजमध्ये."

"गॅरेजमध्ये कुणी राहत नसतं. कायद्याने गॅरेज गाडीसाठी असतं." आरशातून माझ्याकडे बघत ते म्हणाले. "आणि ते बसवण्याबिसवण्याचं पुन्हा तोंडातून काढू नकोस. बोर्डावर माझं नाव आहे."

नवरा बर्फात होता. किती दिवस ठेवणार? मी चौथीपर्यंत शिकले. मला सही येते. त्या दिवशी जाळायच्या परवानगीच्या कागदावर त्याचा फार उपयोग झाला. त्यांना.

मशीनपाशी नागपूरकडच्या इंजिनिअरने मोबाइलवरून श्लोक वाचले. आमचे नाहीत, त्यांचे. आमच्यात काय म्हणतात ते कुणी विचारलं नाही. एका पट्ट्यावरून त्याला आत ढकललं. आडवं. दार खाली आलं. मंडळाच्या एका माणसाने घड्याळ बघितलं आणि विचारलं, "लंचला जायचं का?"

त्याच संध्याकाळी काकू गॅरेजच्या दारात आल्या. आत नाही आल्या. म्हणाल्या, "आता एकटीच आहेस. वेळ जाणार नाही तुझा. वरच्या बेडरूम पण तूच करत जा. ती क्लीनिंगवाली बंद करते मी."

काही दिवसांनी राखेचा डबा मिळाला. काळा, प्लॅस्टिकचा, वजनदार. मी तो खाटेजवळ ठेवला. काकूंनी बघितला. "इथं नको गं. सणावाराला फ्रिजमधलं काढायला लोक गॅरेजमध्ये येतात." काका म्हणाले, "लाँग वीकेंडला समुद्रात सोडून येऊ. ट्रॅफिक नसेल तर."

ट्रॅफिक नसेल तर.

एके दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी डबा पदराखाली धरला आणि दफनभूमीत गेले. पहिल्यांदाच फाटकाच्या आत. नवरा बसायचा त्या बाकावर डबा ठेवला आणि शेजारी बसले. रडले नाही. नुसती बसले.

ऑफिसातून चष्मेवाली बाई बाहेर आली. तिने मला ओळखलं. काही बोलली, मला कळेना. मग तिने फोन काढला. त्यात ती बोलायची आणि फोन मराठीत लिहून दाखवायचा, माझं तिला इंग्रजीत. तोडकं-मोडकं, पण कळेल असं.

तिने विचारलं, "तुम्ही परत भारतात गेला नाहीत?"

मी म्हटलं, "मी इथंच राहते."

"कुठं?"

मला इंग्रजी येत नाही, पण घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव पाठ आहे. कधी हरवलेच तर सांगायला म्हणून नवऱ्याने घोकून घेतलं होतं. मी घडाघडा म्हटलं. बाईचा हात फोनवरच थांबला. तो पत्ता तिला माहीत होता. त्या पत्त्यावर तिच्या ऑफिसातून टपाल जायचं.

"किती दिवस राहता?"

"दिवस नाही. वर्षं झाली."

ती माझ्या शेजारी बाकावर बसली. मग हळूहळू फोनमध्ये सांगत गेली आणि मी वाचत गेले. घर तुमच्या नावावर आहे का, हे आम्ही विचारत नाही. हद्दीत राहता का, एवढंच विचारतो. घरात, खोलीत, गॅरेजमध्ये, कुठंही. जो राहतो त्याला हक्क आहे. त्याच्या बायकोला, मुलांना, सगळ्यांना. ज्यांच्याबरोबर आलात त्यांनी मला सांगितलं, तुम्ही दोघं भारतातून पाहुणे आला होता.

मी विचारलं, "आणि बसवून?"

ते तिला फोनवरून नीट कळेना. मी बाकावरून उतरले आणि गवतात मांडी घालून बसून दाखवलं. ती म्हणाली, असं आजवर कुणी मागितलं नाही. खड्ड्याचे नियम बोर्ड ठरवतं. कदाचित हो म्हणाले असते, कदाचित नाही. पण विचारायला हवं होतं. ते कुणी विचारलंच नाही.

म्हणजे जागा होती. तो थंड पेटीत पडून होता तेव्हाही होती. माझ्या डोळ्यांसमोर होती. त्याच्या बापाला ज्यांनी हाकललं ते निदान तोंडावर बोलले. इथं मला समजणार नाही अशा भाषेत हाकललं. माझ्याच पुढ्यात. आणि गाडीत बसवून परत आणलं, कारण रात्रीचा स्वयंपाक राहिला होता.

त्या गवतातच माझ्या आत काहीतरी फिरलं. बाईला विचारलं, "आता कुणाला सांगायचं?"

ती म्हणाली, बोर्डाची मीटिंग महिन्यातून एकदा असते. दार उघडं असतं. कुणीही येऊन तीन मिनिटं बोलू शकतं.

"कुणीही?"

"कुणीही. तुमची भाषा बोलणारा दुभाषा फोनवर मिळेल. आधी सांगावं लागतं. मी सांगून ठेवते." मग तिने फोन जवळ घेतला आणि हळू आवाजात शेवटचं सांगितलं. तुम्हाला घेऊन आलेले ते माझे साहेब आहेत.

मीटिंगपर्यंत मी रोजच्यासारखं काम केलं. रात्री डब्यासमोर बसून बोलायची सवय करायचे. पहिल्या वाक्यालाच अडायचे, पुन्हा सुरू करायचे. मीटिंगच्या आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, "चिवडा कर गं, ह्यांना मीटिंगला न्यायचाय." मी केला. शेंगदाणे जास्त घातले, काकांना आवडतात.

हॉल दफनभूमीच्या ऑफिसाला लागूनच, छोटासा. पुढं लांब टेबल. टेबलामागं पाच जण. प्रत्येकासमोर नावाची पाटी. मधोमध अध्यक्ष, पांढऱ्या केसांची एक गोरी बाई, बदामाच्या बागेची मालकीण. ती काकांकडे जेवून गेली होती. माझ्या हातच्या भजीला "अमेझिंग" म्हणून तिने काकूंचा हात दाबला होता. टेबलावर माझा चिवडा.

मी मागच्या खुर्चीत बसले, शेजारी चष्मेवाली बाई तिचा फोन घेऊन. काकांनी बघितलं नाही. माझ्याकडे बघायची त्यांना सवयच नव्हती. फोनवरच्या दुभाषी बाईचा आवाज हळू लावलेला होता. ती सगळं मराठीत सांगत होती. आधी पाण्याच्या पाइपांवर बोलणं झालं. मग घुशींवर. घुशी थडग्यांखाली बिळं करतात, त्यांचं काय करायचं. बराच वेळ चाललं. त्या घुशी कुठल्या, हे कुणी विचारलं नाही.

मग अध्यक्ष म्हणाली, कुणाला बोलायचं आहे का?

मी उठले.

काकांनी वर बघितलं. तोंडात चिवडा होता. तो गिळून ते हसले. "ओह, आय कॅन ट्रान्सलेट फॉर हर." मग मराठीत, घरातल्यासारखं, "काय गं, काय झालं? बोल, मी सांगतो त्यांना."

मी म्हटलं, "तुम्ही नको."

इतक्या वर्षांत त्यांना नको असं मी कधी म्हटलं नव्हतं. भाजी नको, चहा नको, एवढंसुद्धा नाही.

चष्मेवाल्या बाईने आवाज वाढवून फोन माझ्या समोर धरला. मी बोलले ते एवढंच. "मी या माणसाच्या गॅरेजमध्ये राहते. माझा नवरा तिथंच राहत होता. तो मेला तेव्हा मी यांच्याकडे जागा मागितली. बसण्यापुरती. यांनी ऑफिसात सांगितलं, हे पाहुणे आहेत. म्हणून माझ्या नवऱ्याला जाळलं. आमच्यात जाळत नाहीत. तुमचा नियम मला आता कळला. तो यांना आधीपासून माहीत होता. तुम्ही खाताय तो चिवडा मी केलाय. यांच्या घरात."

दुभाषी बाई इंग्रजीत सांगत गेली. मी अडखळत बोलले होते. तिचा आवाज मात्र अडखळत नव्हता. माझंच बोलणं तिच्या तोंडून सरळ उभं राहून बाहेर येत होतं.

टेबलामागच्या एकाने चिवड्याची वाटी बाजूला ठेवली.

काका लाल झाले. इंग्रजीत काही बोलले, गैरसमज वगैरे, बाई दुःखात आहे वगैरे. दुभाषी मला सांगत होती. मी हलले नाही. तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि दात आवळून मराठीत म्हणाले, "तमाशा करू नकोस. मुकाट्याने घरी चल. मग बघतो तुझ्याकडे."

त्यांना वाटलं, हे फक्त मला कळेल. आजवर तसंच होत आलं होतं.

पण फोन चालू होता. आणि फोनवरच्या बाईचं कामच ते होतं. खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. तिने तेही सांगितलं. जसंच्या तसं.

अध्यक्ष काकांकडे बघत काहीतरी बोलली. दुभाषीने मला सांगितलं, "अध्यक्ष विचारतायत, घरी म्हणजे कुणाच्या घरी?"

मी म्हटलं, "त्यांना विचारा."

काका समोरची पाटी सरळ करू लागले.

माझी तीन मिनिटं संपली. एक घंटी वाजली. अध्यक्ष म्हणाली, फार वाईट वाटलं. वकिलाला विचारावं लागेल. हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. काकांना कुणी उठायला सांगितलं नाही. ते त्यांच्या पाटीमागंच बसून राहिले. पुढचा विषय निघाला. प्लॅस्टिकच्या फुलांचा.

मी चालत घरी गेले. डबा घेतला, कपड्यांच्या दोन पिशव्या घेतल्या. काकांचा फोन आधीच आला असावा. काकू दारात उभ्या होत्या.

"खाल्ल्या मिठाला जागली नाहीस," त्या म्हणाल्या.

"ते मीठ त्याच्याभोवती घालायचं होतं, काकू."

"कुठं जाशील? कोण ठेवून घेईल तुला?"

वेगळी ठेवलेली ताटं-वाट्या तिथंच ठेवल्या.

दुकानवाल्याने नवऱ्याचं काम मला दिलं. आता मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहते. नवरा उभा राहायचा त्याच तळणावर उभी राहते. ही खोलीही डिस्ट्रिक्टच्या हद्दीत येते. राहायला यायच्या आधी मी विचारून घेतलं. मंडळातल्या बायका दुकानात येतात, मला बघून दुसऱ्या रांगेत जातात. नागपूरकडचा इंजिनिअर एकदा समोसे घ्यायला आला आणि म्हणाला, "मावशी, काकांचं नाव खराब केलंत तुम्ही." मी त्याचे समोसे बांधून दिले. नाव त्यांचं होतं. माणूस माझा होता.

नवरा परत येणार नाही. त्याला बसवता येणार नाही. त्याची मांडी मोडली, हाडं मोडली, तो डब्यात आहे. काकांनी माफी मागितली तरी तो डब्यातच राहील. मला माफी नको.

मी समुद्रात काही सोडणार नाही. ट्रॅफिक असो नसो.

पुढच्या मीटिंगला मी पुढच्या खुर्चीत बसणार आहे. काकांच्या पाटीसमोर. त्याच्या पुढच्या महिन्यालाही. गॅरेजमध्ये, मागच्या खोलीत, दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या माणसाने "मी इथं राहतो" म्हटलं की ते मालकाला विचारायचं नाही, असं त्या बोर्डाच्या तोंडून सगळ्यांसमोर ऐकेपर्यंत मी उठणार नाही. घंटी वाजली की बसेन. पुढच्या महिन्यात पुन्हा उभी राहीन. दर वेळी तीच तीन मिनिटं, तेच बोलणं.

आणि मी मेले की मला जाळायचं नाही. त्या बाकाजवळ खड्डा काढायचा, मला मांडी घालून बसवायचं आणि नवऱ्याचा डबा माझ्या मांडीवर ठेवायचा. मीठ मी आत्ताच आणून ठेवलंय. माझं तोंड त्या हॉलच्या दाराकडे करायचं. आत-बाहेर करताना दर महिन्याला त्यांना मी बसलेली दिसले पाहिजे.